चांदरातीची गवाही

२ एप्रिल २०२२ची संध्याकाळ आपल्या जिल्ह्यातल्या अनेकांना आठवत असेल. शनिवार होता. पाडवा आणि रमजानची चांदरात एकाच दिवशी आली होती. अमडापूरच्या बाजारात एका हातगाडीवर साखरेच्या गाठ्या आणि शेजारच्या गाडीवर खजूर, असे दृश्य होते. सूर्य मावळला, शेजारच्या घरांवरच्या गुढ्या उतरल्या आणि आमच्या गच्च्यांवर चाँद बघणाऱ्यांची गर्दी झाली. आकाश स्वच्छ होते. मगरिबनंतर थोड्याच वेळात चाँद दिसला, एकमेकांना मुबारकबाद देऊन झाली आणि मी सहरीच्या तयारीसाठी खाली स्वयंपाकघरात आले. घरातले पुरुष पहिल्या तरावीहला जायच्या गडबडीत होते.

पावणेआठच्या सुमारास धाकट्या दिरांचा मुलगा जिना उतरत धावत आला. तेव्हा तो चौथीत होता. "बडी अम्मी, ऊपर से आग जा रही! लंबी, लाइन में!" माझे हात पिठात होते. मी म्हटले, पाडव्याचे फटाके असतील. तो म्हणाला, "फटाके नहीं, आवाजच नहीं है." मी मान वर न करताच बोलून गेले, "कल से रोजे हैं और तू आज झूठ बोल रहा?" तो गप्प झाला आणि परत वर गेलाही नाही. तिथेच पायरीवर बसून राहिला.

दहा मिनिटांत अकोल्याहून माझ्या बहिणीचा फोन आला. तिनेही पाहिले होते. मग मोबाइलवर व्हिडिओ येऊ लागले. उत्तरेच्या आकाशात, पश्चिमेकडून पूर्वेकडे, ठिणग्यांची एक लांब रांग सावकाश सरकत चालली होती. कोणी म्हणे विमान पेटले, कोणी म्हणे उल्का, कोणाला कयामतची निशाणी दिसली. क्षेपणास्त्र म्हणणारे सर्वांत जास्त होते आणि त्यांना दोष देता येत नाही. तीनच आठवड्यांपूर्वी, ९ मार्चला, आपल्याकडून चुकून सुटलेले एक क्षेपणास्त्र पाकिस्तानातील मियाँ चन्नूजवळ जाऊन पडले होते. माझ्या सासूबाईंनी कोणताच तर्क केला नाही. त्यांनी अऊजुबिल्लाह पढली आणि तसबीह हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी, पहिल्या रोजाला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्याची बातमी आली. लाडबोरी गावात एका घरामागच्या मोकळ्या जागेत धातूची भलीमोठी कडी पडली होती. व्यास सुमारे तीन मीटर, वजन चाळीस किलोच्या आसपास. पवनपार भागात धातूचा एक गोळा सापडला, पुढच्या काही दिवसांत आणखी गोळे मिळाले. इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले. अवकाशातील वस्तूंची नोंद ठेवणारे खगोलतज्ज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी आदल्या रात्रीच सांगितले होते की, चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या 'लाँग मार्च ३बी' या अग्निबाणाचा तिसरा टप्पा त्या सुमारास वातावरणात परतणार होता आणि तोच हा असावा. वर्षभर पृथ्वीभोवती फिरून तो आपल्या विदर्भावर येऊन जळाला. लाडबोरीत कोणाला इजा झाली नाही, ही अल्लाहची मेहेरबानी.

इफ्तारनंतर टीव्हीवर ही बातमी पाहिली आणि मी मुलाला जवळ बोलावून माफी मागितली. त्याने माफ केले, पण एक प्रश्नही विचारला, "टीवी ने बताया तब माने ना आप?" वीस वर्षे वर्गावर उभी राहिलेली बाई मी. या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही.

मग मी जे आदल्या रात्री करायला हवे होते ते केले. त्याला विचारले, कुठून निघाले, कुठे गेले? म्हणाला, मशिदीच्या मिनाराच्या बाजूने निघाले आणि निंबाच्या झाडामागे गेले. किती तुकडे होते? मोठे तीन-चार, मागे बारीक खूप. किती वेळ दिसले? इथे तो थोडा विचारात पडला आणि म्हणाला, "दादा को आवाज दिया, दादा ने चप्पल पहनी, बाहर आए, देखे, तब भी जा रहा था."

दादांच्या चपलांच्या या हिशेबातच खरे उत्तर होते. तुटता तारा म्हणजे बहुधा वाळूच्या खड्याएवढा कण. तो सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येतो आणि एक-दोन सेकंदांत संपतो. त्याला पाहायला कोणाला हाक मारेपर्यंत तो उरत नाही. पृथ्वीभोवती फिरणारी मानवनिर्मित वस्तू मात्र सेकंदाला आठ किलोमीटरहून कमी वेगाने, जवळजवळ आडवी वातावरणात शिरते. सुमारे ऐंशी किलोमीटर उंचीवर तिचे तुकडे होतात आणि ते एकाच रांगेत जळत पुढे सरकतात. इतक्या उंचीवरून आवाज खाली येत नाही, आलाच तर कितीतरी वेळाने. रांग, सावकाश चाल आणि शांतता या तिन्ही गोष्टी चौथीतल्या मुलाने नेमक्या सांगितल्या होत्या.

आता तो सातवीत आहे. गेल्या महिन्यात त्याने मला मोबाइलवर अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांचे व्हिडिओ दाखवले आणि विचारले, "ये तो फौजी हैं, इनको भी झूठा बोले क्या?" या महिन्याचा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

हो, त्यांनाही बोलले. १४ नोव्हेंबर २००४ रोजी प्रशांत महासागरात, सान डिएगो शहराजवळच्या समुद्रावर, 'निमिट्झ' या विमानवाहू जहाजाची लढाऊ विमाने सराव करत होती. सोबतच्या 'प्रिन्स्टन' जहाजाच्या रडारवर काही दिवसांपासून अनोळखी वस्तू दिसत होत्या. कमांडर डेव्हिड फ्रेव्हर आणि लेफ्टनंट ॲलेक्स डायट्रिक यांची दोन विमाने पाहणीसाठी वळवली गेली. दोन विमानांत मिळून चौघे जण होते. खाली समुद्राचे पाणी एका जागी खळबळत होते आणि त्यावर पांढरी, लांबट, औषधाच्या गोळीसारखी वस्तू इकडेतिकडे हलत होती. फ्रेव्हर यांच्या अंदाजाने लांबी चाळीस फूट. पंख नाहीत, धूर नाही. ते जवळ जाऊ लागले तशी ती क्षणात निघून गेली. नंतर उडालेल्या दुसऱ्या विमानाने कॅमेऱ्यात काहीतरी टिपले. फ्रेव्हर तेव्हा एका तुकडीचे प्रमुख होते. तरी जहाजावर त्यांची थट्टा झाली, परग्रहवासीयांचे चित्रपट लावले गेले. पुढे तेरा वर्षे ही गोष्ट फारशी जगापुढे आली नाही. डिसेंबर २०१७ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ती छापली आणि २७ एप्रिल २०२० रोजी अमेरिकेच्या संरक्षण खात्याने असे तीन व्हिडिओ अधिकृतपणे खुले केले. आपण तेव्हा लॉकडाऊनचा रमजान घरात काढत होतो.

जून २०२१ मध्ये अमेरिकी सरकारने एक अहवाल दिला. २००४ पासूनच्या १४४ घटना त्यात होत्या आणि त्यांपैकी फक्त एकीचा खात्रीने उलगडा झाला होता. तो हवा जाऊन आकसत चाललेला एक मोठा फुगा निघाला. बाकीच्या १४३ म्हणजे परग्रहावरची याने, असे अहवालाने म्हटलेले नाही. पुरेशी माहिती नाही, एवढेच म्हटले. त्यातल्या अकरा घटनांत मात्र वैमानिकांनी टक्कर होता होता वाचल्याचे कळवले होते. रायन ग्रेव्हज या नौदलाच्या माजी वैमानिकाने २०२३ च्या जुलैत अमेरिकी संसदेच्या समितीसमोर शपथेवर सांगितले की, त्यांच्या तुकडीच्या दोन विमानांच्या मधून, पन्नास फुटांच्या आत, पारदर्शक गोळ्यात काळा ठोकळा असावा अशी एक वस्तू गेली होती. वैमानिक हसे होईल, नोकरीवर परिणाम होईल म्हणून कळवत नाहीत, असेही ते म्हणाले. मला त्या ठोकळ्यापेक्षा हे जास्त गंभीर वाटते. आकाशात ते काहीही असो, ताशी शेकडो किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला ते धडकले असते तर माणसे मेली असती, आणि पाहिलेला माणूस लाजेने गप्प बसला असता.

आता दुसरी बाजू. त्या तीन व्हिडिओंपैकी एकात एक ठिपका समुद्राला लागून सुसाट जाताना दिसतो. वैमानिक आनंदाने ओरडतातही. संरक्षण खात्याच्या तपास कार्यालयाने नंतर कोन आणि अंतराचा हिशेब केला तेव्हा ती वस्तू समुद्रालगत नव्हतीच, सुमारे १३,००० फुटांवर होती आणि तिचा वेग तसा विशेष नव्हता. वेग होता पाहणाऱ्या विमानाचा. एसटीने चिखलीहून खामगावला जाताना खिडकीतून पाहा. रस्त्याकडेच्या बाभळी मागे पळतात आणि चाँद आपल्याबरोबर धावतो. लहानपणी आपण सगळ्यांनी चाँदाला बसबरोबर पळवलेले आहे. म्हणजे तो वैमानिक खोटारडा नव्हता. त्याने ठिपका पाहिला, ते खरे. ठिपका पाण्यालगत पळतो आहे, हे त्याच्या मनाने त्यात घातले.

आपल्या फौजेचे उदाहरण तर याहून बोलके आहे. २०१२ च्या ऑगस्टपासून लडाखमध्ये, पँगाँग सरोवराच्या भागात, आपल्या जवानांना चीनच्या बाजूने प्रकाशाचे गोळे येताना दिसू लागले. चीनचे टेहळणी करणारे ड्रोन असावेत, असा संशय होता. फेब्रुवारी २०१३ पर्यंत ३२९ नोंदी झाल्या आणि त्यांपैकी १५५ वेळा वस्तूने सीमारेषा ओलांडल्याचे लिहिले गेले. शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारणा झाली. शास्त्रज्ञांनी नोंदी ताऱ्यांच्या स्थानांशी पडताळून पाहिल्या. संध्याकाळनंतर दिसणारा गोळा गुरू होता आणि पहाटे उगवणारा शुक्र. चौदा हजार फुटांवर हवा विरळ आणि निर्मळ असते, तिथे ग्रह आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी तेजस्वी दिसतात. काळोखात एकच दिवा एकटक पाहत राहिले तर तो हलल्यासारखा वाटतो, हे तर तुम्ही गच्चीवर आज रात्रीही करून पाहू शकता.

ही बातमी आली तेव्हा जवानांची टिंगल करणारे पुष्कळ होते. मला ती टिंगल कधीच पटली नाही. कडाक्याच्या थंडीत उभे राहून त्यांनी वेळ लिहिली, दिशा लिहिली. लिहिली म्हणून तर उलगडा झाला. "काहीतरी चमकले" एवढेच कोणी लिहिले असते तर शास्त्रज्ञ काय पडताळणार होते?

आपल्याकडे चाँदच्या गवाहीची रीत हीच आहे. हनफी फिकहनुसार आकाश ढगाळ असेल तर रमजानच्या चाँदसाठी एका विश्वासू माणसाची, मग ती स्त्री का असेना, गवाही चालते आणि ईदच्या चाँदसाठी दोघे लागतात. आकाश स्वच्छ असेल तर मात्र एकदोघांवर भागत नाही, पुष्कळ जणांनी पाहिलेले लागते. कारण उघड आहे. सगळ्यांना दिसायला हवे ते एकालाच कसे दिसले? आणि गवाही देणाऱ्याला विचारले जाते, कोणत्या बाजूला, किती उंचीवर, टोके कुठे होती.

बसऱ्याचे काजी इयास बिन मुआविया यांचा किस्सा वडीलधाऱ्यांकडून तुम्ही ऐकला असेल. लोक चाँद शोधत होते. त्यांत हजरत अनस बिन मालिक (रजि.) होते, वय शंभरीला आलेले. ते म्हणाले, तो पाहा चाँद. बाकी कोणालाच दिसेना. पैगंबर (स.) यांच्या सेवेत दहा वर्षे राहिलेल्या सहाबींना खोटे कोण म्हणणार? आणि न दिसणारा चाँद मान्य तरी कसा करणार? इयास यांनी जवळ जाऊन पाहिले. भुवईचा एक पांढरा केस वाकून डोळ्यासमोर आला होता. त्यांनी तो हळूच बाजूला केला आणि अदबीने विचारले, आता दाखवा, कुठे आहे? हजरत अनस म्हणाले, आता दिसत नाही.

मी आदल्या रात्री नेमके उलटे केले होते. मुलाच्या डोळ्यांकडे न पाहताच मी त्याच्या नियतीवर बोट ठेवले. फिकहमध्ये चाँदसाठी लहान मुलाची गवाही धरत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण स्वयंपाकघर म्हणजे काजीची कचेरी नव्हे, आणि मला फक्त जिना चढायचा होता.

काही घटना अशा असतात की केस बाजूला करूनही हिशेब पूर्ण लागत नाही. १९७६ च्या सप्टेंबरात, १९ तारखेच्या मध्यरात्रीनंतर, तेहरानच्या आकाशात तेजस्वी वस्तू दिसल्याचे नागरिकांनी हवाई दलाला फोन करून कळवले. तेव्हाही रमजानचे शेवटचे दिवस होते, बरीच माणसे रात्री जागी असणार. एक फँटम विमान पाठवले, तर जवळ जाताच त्याची उपकरणे आणि रेडिओ बंद पडले आणि विमान वळवताच सुरू झाले. दुसरे विमान मेजर परवेझ जाफरी यांचे. क्षेपणास्त्र सोडायच्या क्षणी त्यांच्या शस्त्रांची यंत्रणा बंद पडली. शंका घेणारे म्हणतात, त्या रात्री गुरू तेजस्वी होता आणि विमानातल्या विजेच्या यंत्रणेत आधीपासून दोष होता. असेल. जाफरी पुढे जनरल झाले, निवृत्त झाले आणि २००७ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन पत्रकारांपुढे तीच हकिकत पुन्हा सांगून आले.

आपल्याकडे १९ नोव्हेंबर २०२३ रोजी, रविवारी दुपारी, इम्फाळच्या विमानतळाजवळ अनोळखी वस्तू दिसली. काही तास विमाने थांबवली, काही दुसरीकडे वळवली. हवाई दलाची दोन राफेल विमाने शोधायला गेली. त्यांना काहीच सापडले नाही. त्यावर आजवर कोणी परग्रहाची कथा रचली तरी ती कथाच, आणि "लोकांना भास झाला" म्हटले तरी तोही तर्कच.

अशा वेळी आपल्या घरांत हमखास एक वाक्य येते, जिन्नात होगा. भगिनींनो, जिन्नांवर आपला ईमान आहेच. पण ज्या उजेडाचे नाव आपल्याला माहीत नाही त्याला लगेच जिन्नाचे नाव देणे म्हणजे गैबचे ज्ञान आपल्याकडे असल्यासारखे बोलणे होय. "वल्लाहु आलम" हे शब्द आपल्याकडे रोज वापरात आहेत, ते इथे वापरायला काय हरकत? आणि सूरह हुजुरातमध्ये बातमीची शहानिशा करण्याचा जो आदेश आहे, तो व्हॉट्सॲपवर पुढे ढकलण्याआधीच्या त्या एका क्षणालाही लागू आहे. त्या चांदरातीला आमच्या घरच्या ग्रुपवर विमान पडल्याची खोटी बातमी फिरली. दिरांचे एक मित्र त्याच वेळी विमान प्रवासात होते. त्यांच्या बीवीने तो एक तास कसा काढला, ते तिलाच ठाऊक.

एक कामाची गोष्ट सांगून ठेवते. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे फुगे सोडण्याचे केंद्र आहे. तिथून शास्त्रीय उपकरणे बांधलेले प्रचंड फुगे तीस ते चाळीस किलोमीटर उंचीवर जातात आणि वाऱ्याबरोबर विदर्भ-मराठवाड्याकडेही येतात. आपल्याकडे सूर्य मावळला तरी त्या उंचीवर ऊन असते, त्यामुळे अंधारात फुगा एका जागी लटकलेल्या दिव्यासारखा चमकतो. त्याची उपकरणे छत्रीने शेतात उतरतात. कोणाच्या वावरात अशी पेटी आढळली तर उघडू नका, ओढू नका, पोलिसांना कळवा. लाडबोरीसारखी कडी असेल तर हात लावण्याचा प्रश्नच नाही. मुलांना हे आधीच सांगून ठेवा, कारण वावरात आधी मुलेच पोहोचतात.

आपल्या जिल्ह्याला तसे आकाशातून पडलेल्याचे नवल नको. मेहकरच्या पुढे लोणार आहे. मुघल काळातल्या 'आईन-ए-अकबरी'तही तिथल्या सरोवराचा उल्लेख येतो, तोही काच आणि साबणाच्या सामग्रीसाठी. इतके मोठे विवर ज्वालामुखीचे असावे, असेच बराच काळ वाटत होते. आघाताने वितळलेल्या आणि चिरडलेल्या दगडांचा अभ्यास झाल्यावर ते अशनीचे ठरले. ते पडताना पाहणारा कोणी असेलही, पण त्याला विचारून लिहून घेणारा नव्हता.

मुलाला मी शंभर पानी वही आणून दिली आहे. तारीख, वेळ, दिशा, किती वेळ दिसले, आवाज आला का, सोबत कोण होते, असे रकाने त्यानेच आखले. शेवटचा रकाना 'काय असेल' असा आहे आणि तो त्याने सर्वांत अरुंद ठेवला आहे. आतापर्यंत अकरा नोंदी झाल्या. सहा विमाने, एक शुक्र, एक कोणाच्या तरी लग्नातला ड्रोन. दोन ठिकाणी तुटता तारा असे लिहिले आहे आणि अकराव्या नोंदीपुढे नुसते प्रश्नचिन्ह आहे. सोबत कोण होते, या रकान्यात तिथे माझे नाव आहे. आम्ही दोघांनी पाहिले, पूर्वेला, इशानंतर, साधारण दादांच्या एका चपलेइतका वेळ.